अवयवदानाची तिसरी पायरी

आमच्या घरातल्या दोन माणसांनी मरणोत्तर अवयवदानाची नोंदणी केली आहे. दोन्ही अर्ज स्वीकारले गेले, दोन्ही कार्डं आली. माझं पाकिटात आहे आणि आईचं बटणांच्या डब्यात. आता हे विसरून जा. असं काही झालेलंच नाही. आज सोमवार आहे, अर्ज कोरा आहे आणि मी अजून काही ठरवलेलं नाही. असंच धरून चालावं लागेल, नाहीतर पुढचे बारा दिवस मी जो मन लावून गोंधळ घातला त्याची तुम्हाला काही कदर राहणार नाही.

मी सूचनापुस्तिका लिहितो. मिक्सरच्या खोक्यात तळाशी एक घडी घातलेली पुस्तिका असते. ती न वाचता लोक आधी मिक्सर सुरू करतात आणि मग, धूर आल्यावर, शोधायला लागतात. ती माझी. पंप, पंखे, इस्त्र्या, एकदा एक चाकांची खुर्ची. या क्षेत्रात माझं नाव आहे. म्हणजे नाव कुठे छापलेलं नसतं, पण कार्यालयात चौघांना ठाऊक आहे. माझं एक तत्त्व आहे. जी सूचना मी स्वतः करून पाहिलेली नाही, ती छापायला जात नाही. या तत्त्वापायी मी एकच पंप सात वेळा खोलून जोडला आहे. एका कपाटाची कडी आतूनही उघडते असा कंपनीचा दावा होता, तो तपासायला मी आत जाऊन बसलो होतो. ती उघडत नाही. मी तसं पुस्तिकेत लिहिलं, कंपनीने ते वाक्य काढलं. आपण आपलं काम करायचं.

तर त्या सोमवारी मॅडमनी, म्हणजे आमच्या साहेबीण बाईंनी, माझ्या टेबलावर एक पत्रक ठेवलं. एका रुग्णालयाचं होतं, अवयवदानाची नोंदणी कशी करावी याबद्दल. पाच पायऱ्या. माहिती घ्या, अर्ज मिळवा, घरच्यांशी मोकळेपणाने बोला व जवळच्या नातेवाईकाची सही घ्या, अर्ज जमा करा, कार्ड सदैव जवळ बाळगा. प्रत्येक पायरीपुढे अंदाजे वेळ दिलेला होता. तिसऱ्या पायरीपुढे होतं: दहा मिनिटं.

मॅडम म्हणाल्या, नुसती भाषा बघ, पुढच्या शुक्रवारी छपाईला द्यायचंय. मी म्हटलं, करून पाहावं लागेल. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. पाचही पायऱ्या? मी म्हटलं, पाचही. सहावी लिहिलेली नाही हे बरं आहे, असं म्हणून त्या फोनकडे वळल्या.

पहिल्या दोन पायऱ्यांना खरोखरच पत्रकात दिलेला वेळ लागला. माहिती मी बसमध्ये घेतली आणि अर्ज रुग्णालयाच्या खिडकी क्रमांक चारवर मिळाला. अर्जात अवयवांची यादी होती आणि प्रत्येकापुढे एक चौकोन. सत्तावीस वर्षं मी हे सगळं सामान वापरतोय, पण यादी प्रथमच पाहत होतो. आपल्याला स्वादुपिंड आहे याची मला कल्पनाच नव्हती. ज्याच्याशी ओळखच नाही ते द्यायला जिवावर येत नाही. तिथे पटकन खूण केली. मूत्रपिंडं दिली, यकृत दिलं. डोळ्यांपाशी मात्र अडलो. मेल्यावर डोळे लागत नाहीत, हे मला कळतं. पण ते डोक्याला कळतं, आणि डोकं यादीत नव्हतं. चहा घेऊन आलो, परत बसलो. शेवटी उजव्या डोळ्याची खूण डाव्याने आणि डाव्याची उजव्याने बघून केली, म्हणजे कुणावरच अन्याय नको.

मग माझ्यातला व्यावसायिक जागा झाला. कुणाला तरी एवढी नाजूक वस्तू मिळणार, आणि सोबत कागदाचा चिटोराही नाही? आम्ही दोन रुपयांच्या पिनेबरोबर चार भाषांत सूचना देतो. मी दोन पानी जोडपत्र तयार केलं. हृदय: स्थिती सामान्य. जिना चढताना आवाज वाढतो, हा दोष नव्हे. मॅडमचा फोन आल्यास एखादा ठोका चुकतो. नव्या जागी हे आपोआप थांबेल. यकृत: फारसं न वापरलेलं. डोळे: डावा किंचित मागे आहे, पण रंगांच्या बाबतीत भरवशाचा. फुप्फुसं: इमारतीतल्या टाकीवाल्या काकांशी वाद घालताना कमी पडतात.

खिडकी क्रमांक चार इतकी खाली होती की बोलायचं तर कमरेत वाकावंच लागे. आतल्या बाईंनी दोन्ही पानं अक्षर न अक्षर वाचली. चेहऱ्यावर काही नाही. मग विचारलं, हे काय आहे. मी वाकलेल्या अवस्थेत म्हटलं, वापरण्यापूर्वी वाचायच्या सूचना. त्या म्हणाल्या, जोडपत्राला अर्जात रकाना नाही, आणि अर्जावर मुळात साक्षीदारांच्या सह्या नाहीत. एक सही त्रयस्थाची लागते, एक जवळच्या नातेवाईकाची. अर्ज परत दिला. जोडपत्र ठेवून घेतलं. ते का, असं विचारल्यावर म्हणाल्या, घरी वाचायला.

त्रयस्थ म्हणजे कोण, हा प्रश्न आमच्या इमारतीत पडत नाही. टाकीवाले काका तळमजल्यावर राहतात आणि इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं काम पाहतात. झडप उघडणं आणि बंद करणं, एवढंच ते काम, पण काका ते बंदर सांभाळल्यासारखं करतात. अर्ज पाहून ते खुर्ची ओढून बसले. त्यांनी मला सांगितलं की, नोंद केली म्हणजे माणूस लवकर जातो असं काही नाही, आणि आपण हे सांगितल्याचं मी कुणाला सांगू नये. पुढे सांगितलं की, त्यांच्या मेहुण्याच्या ओळखीत एकाला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलंय आणि तो आता ठणठणीत आहे, फक्त पूर्वी गोड आवडायचं ते आता तिखट आवडतं. मी म्हटलं, त्याचा काही संबंध नसावा. काका म्हणाले, मी कुठे म्हटलं संबंध आहे? मी फक्त तिखट म्हटलं.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्यावर देखरेख सुरू केली. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो की खालून आवाज येई, "अरे हळू, आता ते सामान तुझं एकट्याचं राहिलं नाही." बल्ब बदलायला स्टुलावर चढलो तर ते स्टूल धरून उभे. माझा जीव वाचवण्यासाठी नव्हे, हे त्यांनी स्पष्ट केलं, मालासाठी.

सही त्यांनी मोठ्या उत्साहाने केली. नावाखाली हुद्दा लिहिला, हुद्द्याखाली इमारत, आणि अक्षर मोठं असल्यामुळे खाली जागा संपून उरलेला मजकूर सरकत सरकत वरच्या यादीतल्या एका मोकळ्या ओळीत गेला. ती ओळ होती 'इतर अवयव (असल्यास)'. खिडकीतल्या बाईंनी ती मोठ्याने वाचली. "पाण्याची टाकी, गच्ची. हा अवयव आम्ही घेत नाही." मागे रांगेत उभा असलेला माणूस हसला. मी वाकलेलोच होतो, त्यामुळे मान खाली घालायला वेगळे कष्ट पडले नाहीत. नवा अर्ज घेतला, काकांकडून बारीक अक्षरात सही आणली.

राहिली जवळच्या नातेवाईकाची. आमच्या घरात जवळचा नातेवाईक म्हणजे आई. बाकीचे एकतर लांबच्या गावी आहेत किंवा भिंतीवर, फ्रेममध्ये. पण ही पायरी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण ती सगळ्यात सोपी होती. माझी आई कपडे शिवते. खरंतर शिवण्यापेक्षा दुरुस्त करते. तिच्या हातून कुठलाही शर्ट बटणं उतरवल्याशिवाय घराबाहेर जात नाही. माझ्या दप्तराची चेन बाबांच्या जॅकेटची आहे. माझ्या ऑफिसच्या शर्टाला जी कॉलर आहे ती मूळची दुसऱ्याच एका शर्टाची. तो शर्ट गेला, कॉलर अजून ऑफिसला जाते. थोडक्यात, जे काम मोठमोठे डॉक्टर हातमोजे घालून करतात ते आई तीस वर्षं खिडकीशी बसून, तोंडात दोरा धरून करतेय. तिला समजावायचं काय?

आणि समजवावं लागलंच नाही. बुधवारी संध्याकाळी मी पत्रक तिच्यापुढे वाचून दाखवलं. ती म्हणाली, चांगलं काम आहे. टाकून देण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडलेलं बरं. मी घड्याळ पाहिलं: चार मिनिटं. पत्रकात सहा मिनिटं जास्तच धरली होती. मी अर्ज पुढे केला. ती म्हणाली, ठेव तिथे, एवढी शिलाई मारते.

गुरुवारी तिने सांगितलं की पेन चालत नाही. शुक्रवारी मी नवं पेन आणलं, तर चष्मा सापडेना. चष्मा कपाळावर होता, पण ते मी सांगितलं म्हणून चष्म्याचा नंबर बदलला असावा असं तिचं मत पडलं. शनिवारी ती म्हणाली, अर्ज फार चुरगळलाय, असा देऊ नये, लोक काय म्हणतील कुठल्या घरातून आलाय. आणि तिने त्याला इस्त्री केली. अर्जावर खिडकी क्रमांक चारचा जांभळा शिक्का होता. तो इस्त्रीखाली विरघळून सगळीकडे पसरला, आणि काकांची बारीक अक्षरातली सही त्या जांभळ्यात बुडाली. ती इस्त्री कशी वापरावी याची पुस्तिका मी स्वतः लिहिलेली आहे. कागदाचा उल्लेख तीत नाही. मला ते लागलं.

सोमवारी मॅडमनी विचारलं, कुठवर आलंय. मी म्हटलं, तिसऱ्या पायरीवर. त्या म्हणाल्या, दहा मिनिटांच्या? मी म्हटलं, पाच दिवस झालेत, अजून चालू आहे.

मी पुन्हा खिडकीवर जाऊन तिसरा अर्ज मागितला. बाईंनी या वेळी माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. जोडपत्र घरी सगळ्यांनी वाचलं, असं म्हणाल्या. मग विचारलं, घरच्यांची सही अडतेय का? मी म्हटलं, अडत नाहीये, होत नाहीये. आणि मग वैतागून विचारलं की शरीर माझं, मरणार मी, तर तिसऱ्याच माणसाची सही कशाला.

"त्या वेळी आम्ही घरच्यांनाच विचारतो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कसं विचारणार?"

"मग माझ्या सहीचा उपयोग काय?"

"असा की, तुमच्या मनात काय होतं, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडत नाही. बाकीचे पडतातच."

मी वाकलेला सरळ झालो. म्हणजे जो निर्णय मी आठ दिवस मोठ्या गंभीरपणे घेत होतो, तो मी घेणारच नव्हतो. तो आई घेणार होती. मी फक्त तिला चिठ्ठी लिहून ठेवत होतो, आणि ती चिठ्ठी पोचल्याची सही तिच्याकडून आगाऊ मागत होतो. असली वाईट सूचना मी पंपाच्या पुस्तिकेतही लिहिली नसती.

त्या संध्याकाळी मी सरळ विचारलं. तुला पटत नसेल तर तसं सांग, म्हटलं, पेनावर ढकलू नकोस.

आईने मशीन थांबवलं. अर्ज घेतला, चष्मा एका झटक्यात सापडला, आणि तिने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वाच."

मी वाचलं. वरील व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिची इच्छा संबंधितांना कळवण्याची जबाबदारी माझी राहील.

"म्हणजे तू आधी जाणार, आणि मी मागे राहून कळवणार," ती म्हणाली. "तू म्हणशील ते उसवून देईन मी. माझं, तुझं, कुणाचंही. पण हे माप उलटं घेतलंय. उलट्या मापावर मी कात्री लावत नाही."

मी म्हटलं, अगं नुसता अर्ज आहे, कुणी मरत नाहीये. ती म्हणाली, मग घाई कसली? मी म्हटलं, शुक्रवारी छपाई आहे. हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बिनबुडाचं उत्तर होतं, आणि ते दिल्यावर मला तसं जाणवलंही. आईने मशीन पुन्हा सुरू केलं.

बुधवारी ऑफिसातून आलो तर शिवणाच्या टेबलावर एक अर्ज. सरळ, कोरा करकरीत, इस्त्री न केलेला. भरलेला. वर आईचं नाव. ती दुपारी स्वतः खिडकी क्रमांक चारवर जाऊन आली होती. सगळ्या चौकोनांत खुणा, एकही खाडाखोड नाही. डोळ्यांपुढे खूण करून बारीक अक्षरात लिहिलं होतं, चष्मा लागतो.

"आता माप बरोबर आहे," ती म्हणाली. "मी आधी, तू नंतर. कर सही."

मी खुर्चीवर बसलो. पेन काढलं. अर्ज नीट वाचायला हवा, म्हटलं, माझं कामच आहे ते. वाचला. दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम चुकला होता. तो लाल पेनाने दाखवला. 'मूत्रपिंड' एके ठिकाणी जोडून आणि एके ठिकाणी तोडून लिहिलं होतं, तेही दाखवलं. मग म्हटलं, उजेड कमी आहे. दिवा लागलेला होता. मग म्हटलं, उद्या करू, उद्या ऑफिसात चांगलं पेन आहे.

"पेन चालत नाही का?" आईने विचारलं. "इस्त्री करून देऊ?"

एवढ्यात मला एक गोष्ट कळली, आणि ती कळून काही फायदा झाला नाही. डोळ्यांचं, यकृताचं, कशाचंच मला काही नव्हतं. ती खालची एक ओळ तेवढी होती. तिच्यापुढे सही केली की एक असा दिवस कबूल करावा लागत होता ज्या दिवशी हे मशीन बंद असेल आणि मी कुणाला तरी फोन करून सांगत असेन. तो दिवस येणार हे मला ठाऊक होतं. पण त्याला मी माझ्या हाताने बोलावणं कशाला पाठवू? हेच सहा दिवसांपूर्वी तिला वाटत होतं, आणि मी तिला नवं पेन आणून दिलं होतं.

त्यानंतर आम्ही दोघं बराच वेळ भांडलो. दोघंही एकच म्हणत होतो, म्हणून भांडण मिटेना. शेवटी तोडगा निघाला तो असा: दोघांनी एकमेकांच्या अर्जावर, एकाच वेळी, सही करायची. म्हणजे आधी कुणाची झाली हा प्रश्नच नको.

गुरुवारी सकाळी टाकीवाल्या काकांना बोलावलं, कारण दोन्ही अर्जांवर त्यांची साक्ष लागणार होती. शिवणाचं टेबल मोकळं केलं. एका बाजूला मी, एका बाजूला आई, मध्ये काका घड्याळ हातात घेऊन. ते म्हणाले, वहिनी, मी तीन म्हटलं की दोघांनी. एक म्हणाले. दोन म्हणाले. मग थांबून, मेहुण्याच्या ओळखीतला तो माणूस आता गोडही खायला लागलाय, अशी माहिती दिली. मग तीन म्हणाले.

कुणीच सही केली नाही. मी आईकडे बघत होतो, ती माझ्याकडे. दोघंही पेन टेकवून.

"हे बरोबर नाही वहिनी," काका म्हणाले. "मी तीन म्हटलं होतं."

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काका दोनवर आले असताना गच्चीवरून पाणी कोसळल्याचा आवाज आला. माझं अवयवदान सोडवण्याच्या नादात काका झडप बंद करायला विसरले होते. इतक्या वर्षांत हे प्रथमच घडत होतं. ते घड्याळ टाकून धावत सुटले. आम्ही दोघांनी दचकून वर पाहिलं, खिडकीबाहेर पाण्याचा पडदा पडत होता, त्याच्याकडे पाहिलं, आणि मग खाली पाहिलं तर दोन्ही अर्जांवर सह्या झालेल्या होत्या.

आधी कुणी केली, हे मला खरंच माहीत नाही. आई म्हणते, तिने नंतर केली. मीही तेच म्हणतो.

काका परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेले होते आणि फार दुखावलेले. जे त्यांनी पाहिलंच नव्हतं त्यावर त्यांनी साक्षीदार म्हणून दोनदा सही केली, बारीक अक्षरात, हुद्दा न लिहिता. हुद्दा लिहिण्यासारखं आज काही राहिलं नाही, म्हणाले. आईने त्यांना कोरडा टॉवेल दिला आणि त्यांच्या ओल्या सदऱ्याचं एक लोंबतं बटण जाता जाता तोडून डब्यात टाकलं.

शुक्रवारी मी पत्रक मॅडमना दिलं. अर्जातल्या त्याच चुका पत्रकातही होत्या; स्वल्पविराम दुरुस्त, मूत्रपिंडं दोन्हीकडे सारखी. तिसऱ्या पायरीपुढचं 'दहा मिनिटं' खोडून मी एक वाक्य घातलं होतं: घरच्यांनी अर्ज इस्त्रीला घेतल्यास ओरडू नये, थांबावं. मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पत्रक छपाईच्या गठ्ठ्यावर ठेवलं. पत्रक छापून आलं तेव्हा ते वाक्य गेलेलं होतं. वेळही गेलेला होता, मात्र. तिसऱ्या पायरीपुढे आता नुसती मोकळी जागा आहे.

त्याच दिवशी दोन्ही अर्ज खिडकी क्रमांक चारवर दिले. सोबत एक जोडपत्र होतं, आम्ही दोघांनी मिळून लिहिलेलं. बाईंनी पुन्हा सांगितलं की जोडपत्राला रकाना नाही, आणि पुन्हा ते ठेवून घेतलं. कार्डं आली, उत्तर आलेलं नाही. नक्कल खाली देत आहे.

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
खिडकी क्रमांक चार.

विषय: सोबतच्या दोन अर्जांचा क्रम लेखी निश्चित करून मिळण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार क्रमांक एक (आई) यांच्या म्हणण्यानुसार त्यांचा अर्ज अर्जदार क्रमांक दोन (मुलगा) यांच्या अर्जाच्या आधीच विचारात घेण्यात यावा, व दोन्हींमध्ये किमान पन्नास वर्षांचे अंतर राखण्यात यावे. अर्जदार क्रमांक दोन यांचे म्हणणे असे की, अर्जदार क्रमांक एक यांचा अर्ज कधीही विचारात घेण्यात येऊ नये. याबाबत आपल्या कार्यालयाची शिक्क्यासह लेखी हमी मिळावी. वरील दोन्ही मागण्या परस्परविरोधी असल्याचे आपल्या निदर्शनास आल्यास, दोन्ही मंजूर कराव्यात, ही नम्र विनंती.